मटारच्या पिशवीशेजारची गाठ

मला माणसं फारशी आवडत नाहीत, आणि याचं कारण माझं काम आहे असं माझ्या सासरच्यांचं ठाम मत आहे. माझं काम म्हणजे माणसांच्या शरीरातून कापून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि त्यांना काय झालंय ते लिहून द्यायचं. दिवसभर रोग बघून बाई कडवट झाली, असं ते म्हणतात. पेशी बघण्यात माझा दिवस खरं तर फार बरा जातो. त्या गप्प असतात, सल्ले देत नाहीत, आणि ज्या बिघडलेल्या असतात त्या उघडउघड बिघडलेल्या दिसतात. संध्याकाळी घरी जाताना लिफ्टमध्ये माणसं भेटली की मग मी कडवट होते.

मी दिल्लीतच वाढले. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी एकीकडे बंगाली, दुसरीकडे तमीळ, आणि जिन्यात सगळ्यांचं मिळून एक मोडकंतोडकं हिंदी. लग्न पुण्याच्या माणसाशी झालं, पण तो नोकरीसाठी इकडे आला, मी तिकडे गेले नाही. माझा दीर आमच्या लग्नात शाळकरी पोरगा होता, म्हणून त्याला भाऊजी वगैरे म्हणण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तो मला वहिनी म्हणतो आणि आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो. पुढे तोही एका मोठ्या कंपनीत बढती घेऊन बायकोसकट गुडगावला आला. त्याचा फ्लॅट इतका उंचावर आहे की खिडकीतून खालची माणसं दिसत नाहीत, आणि त्याच्या स्वभावाला ते फार मानवलं.

या दिराला काही वर्षांपूर्वी जिवाणूंचा शोध लागला. म्हणजे त्याने कुठलासा व्हिडिओ पाहिला. तेव्हापासून त्याच्या ओट्यावर काचेच्या बरण्यांची रांग असते, प्रत्येकीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. एकीत आंबवलेला चहा आणि त्यावर तरंगणारी जेलीसारखी चकती, एकीत काळ्या गाजराची कांजी, एकीत कोबी. दिवाळीला जेवायला बोलावलं की तो आधी अर्धा तास आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंवर बोलतो. मला सांगतो. ज्या बाईचं पोट जिवाणू आणि पेशी बघण्यावर चालतं तिला हा हिशेबतपासनीस माणूस जिवाणू म्हणजे काय ते समजावतो, आणि मध्येच थांबून विचारतो, समजलं ना वहिनी. एकदा त्याने त्या चहाची बाटली माझ्याकडे दिली आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो काढून दे म्हणाला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला. मी बघितलं. त्यात यीस्ट होतं, काड्यांसारखे जिवाणू होते आणि बुरशीचे छान लांबलचक धागे होते. बुरशी लागली आहे, फेकून दे, असं मी कळवलं. त्याचं उत्तर आलं की बुरशीसुद्धा नॅचरलच असते.

याच घरात प्रत्येक खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र आहे, दाराशी सॅनिटायझरची बाटली आहे आणि कामवाल्या बाईचा चहाचा कप वेगळा आहे. म्हणजे सूक्ष्मजीवांच्या दोन जाती झाल्या. विकत आणून बरणीत ठेवलेले ते आपले, आणि दुसऱ्यांच्या अंगावरून येतात ते जंतू. मी हे त्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, तू फक्त आजारी पेशी बघतेस, त्यामुळे तुझा व्ह्यू निगेटिव्ह झालाय. असल्या माणसाशी वाद घालणं माझ्या इभ्रतीला शोभत नाही असं समजून मी पुरी खाल्ली.

त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, मात्र कामाची आहे. शाळेत गणित शिकवते, कमी बोलते. त्या दिवाळीत ती खूप बारीक दिसत होती आणि त्याबद्दल सगळे तिचं कौतुक करत होते. सोसायटीतल्या बायका तिला डाएट विचारत होत्या आणि दीर बरण्यांकडे बोट दाखवत होता. जेवणानंतर स्वयंपाकघरात मी भांडी ठेवायला गेले तर तिने दार लोटून घेतलं, गळ्यातली माळ बाजूला केली आणि म्हणाली, इथे हात लावून बघता का. मानेच्या डाव्या बाजूला गाठ होती. खोडरबरासारखी, दाबली तर सरकणारी, न दुखणारी. तिच्याखाली आणखी दोन-तीन. अंगाला खाज येते, संध्याकाळी कसकस वाटते, असंही तिने सांगितलं, पण जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तशा आवाजात. मला ती गाठ अजिबात आवडली नाही.

घराजवळच्या एका प्रयोगशाळेत तिने सुई घालून तपासणी करून घेतली. रिपोर्ट आला, टीबी असू शकतो. यावर दिराचा जो काही संताप झाला तो बघण्यासारखा होता. आमच्या घरात टीबी कसा होईल, असं तो पुन्हापुन्हा विचारत होता, जसं काही पत्ता चुकून पार्सल आलंय. टीबी म्हणे मुनिरकासारख्या ठिकाणी होतो, जिथे एकेका खोलीत सहा-सहा पोरं राहतात, जिथे ऊन येत नाही. आमच्याकडे बिल्कुल शक्य नाही, यार. मी त्याला सांगितलं की टीबीचा जंतू सोसायटीच्या गेटवर नाव लिहून आत येत नाही. मी बघितलाय तो. निळसर पडद्यावर एक बारीकशी लाल काडी, फार सावकाश वाढणारी, कुणाच्याही छातीत वर्षानुवर्षं निवांत बसून राहणारी. त्या काडीची मला भीती वाटते आणि थोडा आदरही वाटतो. गुडगावातल्या उंच मजल्यांबद्दल माझं असं काही होत नाही.

पण ही गाठ टीबीचीच आहे याची मला खात्री नव्हती, आणि हीच तेव्हा एकमेव महत्त्वाची गोष्ट होती. टीबीत गाठीत पेशींचे जसे पुंजके होतात तसेच पुंजके लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगातही कधीकधी दिसतात. सुईच्या टोकावर चार पेशी येतात, त्यावरून हा फरक सांगता येत नाही. टीबीचा जंतू शोधणारी चाचणीही नकारार्थी आली होती. एक अख्खी गाठ काढून, तिचे पातळ काप करून बघायला हवं होतं. नाहीतर सहा महिने ती टीबीच्या गोळ्या खात बसली असती आणि खरा रोग मानेतून छातीत उतरला असता. हे मी दिराला मराठीत, हिंदीत आणि त्याला कळेल अशा ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं. गाठ काढायला तो तयार झाला. फक्त ऑपरेशन घराजवळच्या नर्सिंग होममध्ये करायचं ठरलं, कारण तिथे पार्किंग मिळतं.

आमच्याकडे अशा छोट्या नर्सिंग होममध्ये एक रीत आहे. सर्जन गाठ काढतो, फॉर्मलिन भरलेल्या बाटलीत टाकतो आणि बाटली नातेवाइकाच्या हातात देतो. तुम्हाला हव्या त्या लॅबमध्ये द्या म्हणतो. माणसाच्या आयुष्याचा निकाल ज्यावर लागायचा तो तुकडा मग स्कूटरच्या डिकीतून, मेट्रोतून, भाजीच्या पिशवीतून शहरभर फिरतो. माझ्याकडे तो कोल्ड्रिंकच्या बाटलीतून आलाय, सुपारीच्या डबीतून आलाय, एकदा तर नुसताच रुमालात बांधून आलाय. तरी या लोकांना मी फार बोलत नाही. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

माझ्या दिराला मी सांगितलं होतं. बाटली उघडू नकोस, सोमवारी सकाळी थेट माझ्याकडे आण, एवढंच. ऑपरेशन शनिवारी झालं. त्याने बाटली घरी नेली, टेबलावर ठेवली, आणि तिच्या झाकणातून येणारा वास त्याच्या डोळ्यांना झोंबला. मग त्याने फोनवर फॉर्मलिन शोधलं. ते विषारी असतं, त्याने कॅन्सर होतो, असं त्याने वाचलं. यातलं काही खोटं नाही. मी तीस वर्षं त्या वासात काढली आहेत. पण बायकोची गाठ रविवारभर असल्या केमिकलमध्ये पडून राहणार हे त्या नॅचरल माणसाला पाहवलं नाही. त्याने फॉर्मलिन संडासात ओतलं, गाठ फिल्टरच्या पाण्याने स्वच्छ धुतली, चेनच्या नव्या पिशवीत घातली आणि फ्रीजरमध्ये ठेवली. मटारच्या शेजारी.

मटारचं सांगायला हवं. दिल्लीत थंडीत मटार इतके स्वस्त आणि इतके गोड असतात की इथली मराठी घरंसुद्धा शेजारच्या पंजाबी बायकांचं बघून पोतंभर मटार आणतात, उन्हात बसून सोलतात आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये टाकतात. मग ऑगस्टपर्यंत पोह्यांत, भातात, उसळीत हिरवेगार मटार. पुण्याचे पाहुणे हसतात, पण खातात. दिराच्या डोक्यात हेच होतं. मटार टिकतात तर गाठ का नाही टिकणार.

सोमवारी तो लॅबच्या दारात उभा राहिला, हातात मुलांचा डबा नेतात तसली निळी पिशवी, आत बर्फाची लादी. चेहऱ्यावर समाधान. म्हणाला, "एकदम फ्रेश आणलंय वहिनी. केमिकल काही नाही."

मी पिशवी उघडली. गाठ दगडासारखी होती आणि तिच्यावर बर्फाचं पांढरं पीठ होतं.

फॉर्मलिनचं काम एकच असतं. शरीरातून बाहेर काढल्यावर पेशी स्वतःलाच पचवायला लागते. फॉर्मलिन तिला जागच्या जागी थांबवतं, म्हणजे ती जशी होती तशी आम्हाला बघता येते. घरच्या फ्रीजरमध्ये हळूहळू गोठवलं की पेशीतल्या पाण्याचे टोकदार स्फटिक होतात आणि ते पेशीला आतून फाडतात. मटारचंही असंच होतं, म्हणून तर फ्रीजरमधले मटार लवकर मऊ शिजतात. मटारचं बिघडत नाही, कारण मटारला कुणी निदान विचारत नाही.

मी त्याला तिथेच झापलं. कॉरिडॉरमध्ये, माझे तंत्रज्ञ आणि नमुने घेऊन आलेले चार नातेवाईक ऐकत असताना. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण इतका मूर्ख व्हायला एवढं शिकावं लागतं का, असं विचारल्याचं नक्की आठवतं. बोलताना मला बरं वाटत होतं, हेही आठवतं. किती वर्षांचं साठलं होतं. तो उभा राहिला, मग ती रिकामी निळी पिशवी नीट घडी घालून खिशात ठेवायला लागला, आणि ती काही खिशात मावेना.

तरी मी त्या गाठीचे काप केले. चांगला नमुना रंगवला की जांभळी केंद्रकं आणि गुलाबी भोवताल इतका स्वच्छ दिसतो की बघत राहावंसं वाटतं. हिच्यात जाळी दिसली. ठिकठिकाणी भोकं, त्यांच्या कडेने चिरडलेल्या, पुसट झालेल्या पेशी, शाई फुटलेल्या अक्षरांसारख्या. मध्येच एखादी मोठी पेशी असल्याचा भास व्हायचा आणि भिंग बदललं की तिथे नुसता डाग असायचा. मी दिवसभर त्यावर डोळे फोडले. शेवटी रिपोर्ट लिहिला की नमुना फॉर्मलिनविना गोठवला गेल्यामुळे निदानास अयोग्य आहे, दुसरी गाठ काढून पाठवावी.

दुसरी गाठ काढायची नाही असं गुडगावला ठरलं. नर्सिंग होमचा सर्जन म्हणाला, सुईत टीबी दिसलाच आहे, गोळ्या सुरू करू, गाठी विरघळल्या तर टीबीच होता. हा दिल्लीतल्या डॉक्टरांचा आवडता उपाय आहे आणि मला त्याचा तिटकारा आहे. रोग ओळखायला आळस करायचा आणि औषधालाच प्रश्न विचारायचा. दिराने मान डोलावली. ज्या टीबीच्या नावाने त्याचा तोल गेला होता तो आता त्याला फार सोयीचा वाटत होता. नवरा मला म्हणाला, तू सांगितलंस ना, आता त्यांचं ते बघतील. आमच्या घरातल्या पुरुषांना जबाबदारी संपल्याची जाणीव फार लवकर होते.

खरा धक्का हा होता की नकार जावेचाच होता. म्हणून मी एका दुपारी गुडगावला गेले. दीर ऑफिसात होता. ती बाल्कनीत उन्हात बसून मटार सोलत होती आणि मानेवर पट्टी होती. मी तिला सगळं सांगितलं. दुसरा रोग काय असू शकतो, त्यावर चांगले उपचार आहेत, पण तो आधी सापडायला हवा, उशीर झाला तर तो किती पसरतो. ती ऐकत होती आणि शेंगा फोडत होती. मग म्हणाली,

"तुम्ही त्याला सगळ्यांसमोर मूर्ख म्हणालात."

"तो आहे."

"मला माहीत आहे, वहिनी. तुमच्या आधीपासून माहीत आहे." तिने हातातली शेंग खाली ठेवली. "पण दुसऱ्यांदा कापलं की पहिलं का वाया गेलं ते सगळे विचारणार. आई येईल पुण्याहून. तिला तो पहिल्यापासून पसंत नव्हता. तिला हे कळलं तर ती त्याला जन्मभर माफ करणार नाही, आणि मला त्या दोघांच्या मध्ये आजारी पडून राहायचं नाहीये. गोळ्या घेतल्या तर कुणी काही विचारणार नाही."

मी म्हटलं, म्हणजे त्याचं नाक वाचावं म्हणून तू मरायला तयार आहेस. ती म्हणाली, मरायला नाही, पण तो तेव्हापासून जेवत नाही, बरण्या सगळ्या ओतून टाकल्या त्याने. मी बाल्कनीच्या दारातून आत ओट्याकडे पाहिलं. ओटा खरंच रिकामा होता. तरीही मला त्याची कीव आली नाही. बरण्या ओतून काय होणार होतं, ओतायला नको होतं ते आधीच ओतलं होतं.

मग गणिताच्या बाईला शोभेल अशी अट तिने घातली. "मी दुसऱ्यांदा कापून घेते. पण पहिल्या वेळी काय झालं ते कुणाला कळता कामा नये. नमुना लॅबमध्ये खराब झाला असं सांगायचं."

"कुठल्या लॅबमध्ये?"

"तुमच्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याच्या मूर्खपणावर पांघरूण घालायचा हा बायकी मोठेपणा मला कधीच सहन झालेला नाही. माझ्या आईने तो केला, सासूने केला, आणि त्यातून कुठल्याही पुरुषाला अक्कल आल्याचं मी पाहिलं नाही. तीस वर्षांत माझ्या हातून एक नमुना खराब झालेला नाही. ही एकच गोष्ट मी अंगावर मिरवते. साड्या-दागिने मला नाहीत. आणि ही बाई ती मागत होती, त्या माणसासाठी. मी तिला म्हटलं की रिपोर्टात मी एक अक्षर बदलणार नाही.

"रिपोर्ट कोण वाचतं, वहिनी?" ती म्हणाली.

हे खरं होतं. शेवटची ओळ सोडली तर रिपोर्ट कुणी वाचत नाही. मी तिच्या मानेकडे पाहिलं. पट्टीच्या खाली एक गाठ आता नुसत्या डोळ्यांनाही दिसत होती. मी नाही म्हटलं असतं तर तिने खरंच गोळ्या सुरू केल्या असत्या. अशी शांत माणसं बोलतात तसं करतात. मी बरं म्हटलं, आणि शक्य तितक्या वाईट तोंडाने म्हटलं. तिने मटारचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघी सोलत बसलो.

दुसरं ऑपरेशन मी आमच्या हॉस्पिटलात करून घेतलं. फॉर्मलिनची बरणी घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मी स्वतः उभी राहिले. सर्जनने थट्टा केली की मॅडम आज डिलिव्हरी घ्यायला आल्यात. मी हसले नाही. गाठ चिमट्याने दाबू नका, एवढंच सांगितलं, कारण सर्जन लोकांना गाठ आणि चिंचोका यांतला फरक कळत नाही.

या वेळी काप सुरेख आले. छोट्या गोल पेशींची दाट गर्दी, मध्ये लालबुंद दाण्यांच्या पेशी, इथे तिथे टीबीचा भास करून देणारे पुंजके. त्या गर्दीत ती बसली होती. एकच मोठी पेशी, दोन केंद्रकं शेजारी शेजारी, प्रत्येकात एक ठळक लाल ठिपका, जणू ती उलटी माझ्याकडेच बघत होती. पुढे सरकले तर आणखी एक. शेकडो वेळा बघितलं असलं तरी ज्या मानेला आपण हात लावलाय तिच्यातली पेशी बघणं वेगळं असतं. मी समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला स्लाइड दिली, कुणाची ते सांगितलं नाही. त्याने डोळा लावला आणि लगेच हॉजकिन म्हणाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा तोच कर्करोग. पुढच्या तपासण्यांतही तेच आलं.

लोक कर्करोगाबद्दल फार भारावून बोलतात. लढाई म्हणतात, राक्षस म्हणतात. मला ती पेशी अतिशय सामान्य वाटते. तिला काही येत नाही, ती शेजारणीचं ऐकत नाही, जागा सोडत नाही, आणि स्वतःसारख्याच आणखी काढत राहते. सोसायटीच्या कमिटीत असतात तशी. फक्त ही लवकर सापडली तर औषधाला दाद देते, आणि हॉजकिनमध्ये तर पुष्कळ लोक पूर्ण बरे होतात. मी हे जावेला आधी सांगितलं, तिच्या नवऱ्याला नंतर. तिने एकच विचारलं, टीबीच्या गोळ्यांनी हे गेलं असतं का. मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि शाळेत किती रजा शिल्लक आहे याचा विचार करू लागली.

दिराला सांगितलं तेव्हा तो खाली बसला, रडला, आणि मग डोळे पुसत म्हणाला, निदान टीबी तरी नाही. माझ्या जिभेच्या टोकावर जे आलं ते मी चहाबरोबर गिळलं. नंतर एकदा मी त्यांच्याकडे असताना तो कुणा मित्राशी फोनवर बोलत होता. फर्स्ट सँपल लॅबवालों ने खराब कर दिया यार, असं म्हणताना त्याला मी दिसले आणि तो बाल्कनीत गेला. पुढच्या वेळी तो बाल्कनीत गेला नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या आवाजात लॅबबद्दल खरोखरचा राग होता. पेशी बिघडते कशी ते मला ठाऊक आहे, माणसाची आठवण कशी बिघडते तेही मला त्या महिन्यात इतक्या जवळून बघायला मिळालं. घरी येऊन नवऱ्याला त्याच्या भावाबद्दल जे सुनावलं ते त्याने निमूट ऐकून घेतलं.

पहिल्या केमोच्या दिवशी जावेची आई पुण्याहून आली. निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ, पांढरी इस्त्रीची साडी, आणि दिल्लीच्या थंडीतही बिनस्वेटरच्या. वॉर्डमध्ये जाऊ आडवी पडली होती, हाताला सलाइन, डोळे मिटलेले. दीर खिडकीशी उभा राहून फोन बघत होता. मी माझ्या कामातून उठून, पांढरा कोट घालूनच तिला बघायला आले होते. त्या बाईंनी माझा कोट वरून खालपर्यंत पाहिला.

"पहिला नमुना तुमच्याकडेच खराब झाला ना?"

दिराची मान फोनमध्ये आणखी खाली गेली. मी वाट बघितली. मला वाटलं, आता तरी तो तोंड उघडेल. हिच्या हातात सुई आहे, समोर हिची आई आहे, एवढं तरी याच्यात असेल. त्याने अंगठ्याने स्क्रीन वर सरकवली. जावेने डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनंती नव्हती. परीक्षेच्या वर्गात बाई बघतात तशी ती बघत होती.

"हो काकू," मी म्हणाले. "आमच्याकडेच."

"कसा?"

"निष्काळजीपणा."

"एवढं शिकून, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात बसून, तुम्हाला एक गाठ सांभाळता आली नाही," त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "माझ्या मुलीची मान दोनदा कापली गेली तुमच्यामुळे. घरातली डॉक्टर म्हणून तिने तुमच्यावर विश्वास ठेवला. काय बघता तुम्ही लोक दिवसभर त्या यंत्रात?"

पलीकडच्या खाटेवरचे लोक ऐकत होते. एक नर्स थांबली होती, आणि ती मला ओळखत होती. असं बोलणं मला ऐकायची सवय नाही, बोलायची आहे. सगळं सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. जाऊ अजून माझ्याकडेच बघत होती.

"चुकलं आमचं, काकू," मी म्हणाले, आणि त्या बाईंनी माझ्याकडे पाठ करून मुलीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.